न्हावा-शेवा : उपसून मिळवलेली खोली

मुंबईच्या नैसर्गिक बंदराच्या पूर्व किनाऱ्यावर, रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात 26 मे 1989 रोजी कार्यान्वित झालेले न्हावा-शेवा, म्हणजेच जवाहरलाल नेहरू बंदर, देशातील कंटेनर वाहतुकीचे प्रमुख केंद्र असले, तरी त्याच्या भोवतीचे पाणी मुळात उथळ आहे. ठाणे, पनवेल आणि धरमतर या खाड्यांतून वाहत येणारा गाळ संथ पाण्यात तळाशी बसत असल्यामुळे येथील खोली माणसाने उपसून मिळवलेली आहे आणि उपसूनच टिकवावी लागते.

जहाजाचा जो भाग पाण्याखाली राहतो त्याच्या खोलीला ड्राफ्ट म्हणतात. 14 मीटर ड्राफ्टच्या जहाजांसाठी समुद्रातून येणारा जलमार्ग खोल करण्याचा पहिला टप्पा गेल्या दशकात पूर्ण झाला आणि दुसऱ्या टप्प्यात 15 मीटरचे उद्दिष्ट ठेवले गेले. उधाणाच्या दिवसांत येथे भरती-ओहोटीतील फरक 5 मीटरच्या आसपास जात असल्याने मोठे जहाज भरती साधून आत येऊ शकते. धक्क्यावर मात्र हा आधार पुरत नाही, कारण माल चढेउतरेपर्यंत अनेकदा ओहोटी येऊन जाते आणि त्या वेळीही जहाज तरंगतेच राहिले पाहिजे. म्हणून धक्क्यालगतचा तळ जलमार्गापेक्षाही खोल खणतात. मऊ गाळ ड्रेजर, म्हणजे गाळ उपसणारे जहाज, लांब नळीने शोषून आपल्याच पोटात भरते. त्याखालचा काळा पाषाण लागला की दातेरी फिरत्या पात्याने तो फोडावा लागतो. हे काम अतिशय जपून करावे लागते, कारण धक्का ज्या खांबांवर उभा असतो त्यांच्याजवळची माती गरजेपेक्षा अधिक निघाली, तर त्यांचा आधारच दुबळा होतो.

या खोलीची किंमत केवळ कंत्राटाच्या रकमेत मोजणे अन्यायाचे आहे. बंदराच्या विस्तारासाठी झालेल्या भरावामुळे आणि तिवरांच्या तोडीमुळे मासेमारीचे नुकसान झाल्याचे मान्य करून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2015 मध्ये 1,630 कोळी कुटुंबांना सुमारे 95 कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला होता. गाळ दर पावसाळ्यात नव्याने येतो, त्यामुळे उपसाही थांबणार नाही. तो कोणत्या महिन्यांत करावा आणि गाळ कुठे टाकावा हे ठरवताना उरणच्या कोळ्यांना आधी विचारले गेले पाहिजे.