नखी तासणारा चाकू

हार्प्सिकॉर्ड दिसायला पियानोचा थोरला भाऊ, पण आत हातोड्या नाहीत, नख्या आहेत. अँटवर्पमधल्या एका कार्यशाळेत झाकण उघडलेलं होतं म्हणून हे जवळून पाहता आलं. सोळाव्या-सतराव्या शतकांत रुकर्स घराण्याची वाद्यं घडली ती याच गावात.

पट्टीच्या मागच्या टोकावर लाकडाची उभी, चपटी चीप नुसती टेकलेली असते. तिला जॅक म्हणतात. त्यात एक हलती जीभ आणि जिभेतून आडवी डोकावणारी नखी. पट्टी दाबली की जॅक उचलला जातो आणि नखी तार छेडून वर जाते. बोट काढलं की जॅक खाली येतो. नखी तारेला लागताच जीभ मागे झुकते आणि नखी तार न वाजवता निसटते. जीभ पुन्हा जागेवर आणायला पूर्वी रानडुकराचा राठ केस लावत. जॅकवरचं लोकरी कापड तारेवर टेकलं की सूर बंद.

कारागीर नख्या तासत बसला होता. पूर्वी त्या डोमकावळ्याच्या पिसाच्या असत, आता बहुधा डेलरिन नावाच्या प्लॅस्टिकच्या. चाकूने खालून केसभर सालपट काढायचं, जॅक आत, सूर ऐकायचा, शेजारचा ऐकायचा, जॅक बाहेर. नखी जाड राहिली तर पट्टी जड आणि सूर टणक. जास्त तासली तर सूर मिळमिळीत, आणि नखी वाया. तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्यासारखंच हे कानाचं काम. एवढी चिकाटी लागते, कारण इथे बोट कितीही जोरात मारा, आवाज जवळपास तेवढाच. वादकाच्या हाती जे नाही, ते आधी चाकूने ठरतं.

नावातही तारच आहे. लॅटिन ‘हार्पा’ आणि ‘कोर्डा’, म्हणजे हार्प आणि तार. त्यावरून इटालियन ‘आर्पिकोर्दो’, जुनं फ्रेंच ‘हार्पकोर्द’ आणि मग इंग्रजी नाव. मधला ‘स’ कुठून घुसला, याचा उलगडा कोशकारांनाही झालेला नाही. जर्मन ‘चेम्बालो’ आणि फ्रेंच ‘क्लावसँ’ मात्र ‘क्लाविचेम्बालो’च्या कुळातली. गंमत म्हणजे १७०० सालच्या मेदिची घराण्याच्या यादीत वाद्यकार क्रिस्तोफोरीचा हातोड्यांचा नवा पियानोसुद्धा ‘आर्पिचेम्बालो’ म्हणूनच नोंदला आहे.

हे वाद्य ऐकायचं असेल तर बाखच्या पाचव्या ब्रांडेनबुर्ग कॉन्सर्टोपासून सुरुवात करा. पहिल्या भागाच्या शेवटाकडे बाकीची वाद्यं थांबतात आणि हार्प्सिकॉर्ड बराच वेळ एकटंच वाजतं.