पानावरची मोकळी जागा

पुस्तक हाती आले की आपण मजकुराकडे वळतो. तो मजकूर पानावर कसा बसविला आहे, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. आणि ते एका परीने योग्यच आहे. पण एखादे पान वाचता वाचता डोळे शिणले, एकच ओळ दोनदा वाचली गेली, किंवा चार ओळींनंतर मन दुसरीकडेच गेले, तर दोष आपण स्वतःकडे घेतो. 'आता पूर्वीसारखे वाचन होत नाही' असे म्हणतो. पुष्कळदा हा दोष वाचकाचा नसून पानाचा असतो. त्याविषयी आम्ही येथे थोडे सांगणार आहोत.

प्रथम डोळा वाचतो कसा ते पाहू. नजर ओळीवरून पाण्यासारखी वाहत जाते अशी आपली समजूत असते. वस्तुतः ती उड्या मारीत जाते. फ्रान्समधील नेत्रवैद्य एमिल झावाल यांनी 1878 च्या सुमारास या गोष्टीकडे लक्ष वेधले. रोमन लिपीतील मजकुरात नजर साधारण सात ते नऊ अक्षरांची उडी घेते, सेकंदाच्या पाव भागाइतकी थांबते, आणि पुढची उडी घेते. ओळ संपली की तिला डावीकडे परत येऊन पुढची ओळ अचूक पकडावी लागते. ओळ फार लांब असली, किंवा दोन ओळींमध्ये अंतर पुरेसे नसले, की ही परतीची उडी चुकते. शेजारी चौकट, चित्र किंवा रंगीत पट्टी असली तर नजर तिकडे ओढली जाते, आणि वाक्याचा धागा सुटतो. पानावरची गर्दी ही केवळ सौंदर्याची बाब नाही, ती श्रमाची बाब आहे, ती यामुळेच.

मुद्रणकलेतील जाणत्यांना हे ठाऊक होते. 1930 साली लंडनमध्ये बीअट्रिस वॉर्ड यांनी मुद्रकांपुढे एक व्याख्यान दिले. चांगली छपाई ही स्वच्छ काचेच्या पेल्यासारखी असावी, आतले मद्य दिसावे, पेला डोळ्यांत भरू नये, असा त्यांचा आशय होता. जर्मनीत जन्मलेले यान चिखोल्ड यांनी 1947 ते 1949 या काळात इंग्लंडमधील पेंग्विन प्रकाशनाच्या पुस्तकांची मांडणी सुधारली. त्यांनी अलंकार वाढविले नाहीत. शब्दांमधील अंतर, परिच्छेदाची सुरुवात, विरामचिन्हे यांविषयी अवघ्या चार पानांचे नियम केले, आणि ते पाळले जातील अशी दक्षता घेतली. स्वस्त पुस्तकही नीटनेटके असू शकते हे त्यातून सिद्ध झाले.

याच चिखोल्ड यांनी मध्ययुगीन हस्तलिखितांच्या पानांचाही अभ्यास केला. त्यांना आढळलेल्या एका प्रमाणात आतला, वरचा, बाहेरचा आणि खालचा समास अनुक्रमे 2, 3, 4 आणि 6 असे असतात. पानाची रुंदी व उंची 2 ला 3 असेल, तर हिशेबाने मजकुराला पानाचा फक्त 4/9 भाग मिळतो. म्हणजे अर्ध्याहून अधिक पान कोरे! चर्मपत्र महाग असतानाही ही उधळपट्टी का? कारण ती उधळपट्टी नव्हतीच. मोकळ्या जागेमुळे मजकूर वेगळा उठून दिसतो आणि पान धरणारा अंगठा अक्षरांवर येत नाही.

आपल्या नागरी लिपीला तर मोकळी जागा अधिकच लागते. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे पाय. ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. खिळे जुळविणारे कारागीर ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालीत, ते काही हौसेने नव्हे. इंग्रजी मजकुरासाठी ठरविलेले अंतर मराठीला जसेच्या तसे लावले की पान कोंदते, आणि आज संगणकावर नेमके हेच वारंवार घडते.

आज आपले बरेचसे वाचन दूरध्वनीच्या लहान पडद्यावर होते. तेथे मजकुराच्या भोवती तारीख, लेखकाचे चित्र, 'हेही वाचा'च्या चौकटी आणि हलत्या जाहिराती असतात. 2010 मध्ये ॲपल कंपनीने आपल्या सफारी या न्याहाळकात 'रीडर' नावाची सोय दिली. ती वापरली की भोवतालचे सारे नाहीसे होऊन फक्त मजकूर उरतो. सोय चांगलीच आहे. पण वाचकाला पान स्वतः झाडून घ्यावे लागते, ही मांडणी करणाऱ्याला भूषणावह गोष्ट नव्हे.

मग संस्थेची पत्रिका, सोसायटीची सूचना किंवा पडद्यावरचा लेख मांडताना काय करावे? आमचा अनुभव असा, की एकेक वस्तू हाताने झाकून पाहावी. ती नसताना वाचकाचे काही अडले नाही, तर ती काढावी. अक्षरांच्या जाती एक किंवा दोनच ठेवाव्यात. ओळींतील अंतर थोडे वाढवावे. करड्या पार्श्वभूमीवर करडी अक्षरे घेऊ नयेत. पडद्यावरील मजकुरासाठी 2008 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान 4.5 ला 1 असावे असे सांगितले आहे. मात्र मथळा, पृष्ठांक, तारीख यांना अडगळ समजू नये. वाट दाखविणारी पाटी काढली तर रस्ता मोकळा होतो, पण वाटसरू चुकतो.

सवयीचा वाचक गर्दीतूनही वाट काढतो. ज्याची दृष्टी मंदावली आहे, किंवा जो नुकताच वाचू लागला आहे, तो मात्र अशा पानापुढे थांबतो आणि ते बाजूला ठेवतो. औषधाच्या वेष्टनावरची किंवा पाणी बंद राहण्याची सूचना त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. पानावर मोकळी जागा ठेवायची ती या वाचकासाठी.