एका फोनवर सहा जण

पुण्याच्या खराडीतल्या एखाद्या आयटी पार्कात नव्या ऑफिसच्या फर्निचरचं काम तुम्ही घेतलं आहे, असं समजा. गिऱ्हाईक नवव्या मजल्यावरून फोन करतं : कपाटांची खोली १५ इंच ठरली होती, ती १८ करा, फायली मावत नाहीत. तुम्ही मिस्त्रींना फोन लावता. मिस्त्री म्हणतात, प्लायवूडची ८ बाय ४ फुटांची शीट ४८ इंच रुंद. तिच्यातून १५ च्या तीन पट्ट्या निघतात, १८ च्या दोनच निघतील, म्हणजे माल दीडपट लागणार. मग भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये प्लायवूडवाल्यांना फोन. ते विचारतात, सगळा माल १८ एमएमचाच देऊ की पाठीला १२ एमएम चालेल? हे तुम्हाला ठाऊक नाही, मिस्त्रींना ठाऊक. पुन्हा मिस्त्री. शेवटी वाढीव खर्च सांगायला गिऱ्हाइकाला फोन करावा, तर ते म्हणतं, मग १६ केलं तर? १६ च्या तीन पट्ट्या कागदावर बरोबर ४८ होतात. पण करवतीचं पातं प्रत्येक कापाला थोडं लाकूड खातं आणि तिसरी पट्टी १६ ची भरत नाही. हे उत्तर तिथल्या तिथे देऊ शकेल असा माणूस एकच, आणि तो त्या फोनवर नाही.

भेटून बोलावं, तर मेट्रो मार्च २०२४ पासून रामवाडीपर्यंत येते आणि खराडी त्याच्याही पुढे. भर दुपारी दुकान सोडून नगर रस्त्याच्या गर्दीतून कोण येणार? अशा वेळी चौघांना एकाच फोनवर घेणं हा खरा उपाय आहे. त्याची सोय हातातल्या फोनमध्ये आधीपासून असते. वेगळं अ‍ॅप लागत नाही, आणि समोरच्यांकडे स्मार्टफोन नसला तरी चालतं. मिस्त्रींचा बटणांचा फोन किंवा दुकानातला लँडलाइनही यात येतो. तरी अनेक जण ती वापरत नाहीत. एकदा केव्हातरी प्रयत्न केला, मधेच सगळे फोन कट झाले आणि हात पोळल्यासारखा विषय सोडून दिला, असं बऱ्याचदा झालेलं असतं. म्हणून आत काय घडतं ते समजून घेऊ.

पहिल्या माणसाला नेहमीसारखा फोन लावा. त्याने उचलला की स्क्रीनवर ‘अ‍ॅड कॉल’ असं बटण दिसतं. ते दाबण्याआधी तोंडाने सांगा, ‘एक मिनिट थांबा, मिस्त्रींना लाइनवर घेतो.’ कारण बटण दाबून दुसरा नंबर लावला की पहिला माणूस होल्डवर जातो. त्याला सूचना, धून किंवा नुसती शांतता ऐकू येते आणि कल्पना नसेल तर तो फोन ठेवून देतो. मिस्त्रींनी उचलला की लगेच जोडू नका. या घडीला तुम्ही दोघंच बोलत आहात, पहिल्या माणसाला काही ऐकू जात नाही. ‘साहेब लाइनवर आहेत, कपाटाच्या खोलीबद्दल बोलायचंय, टेप हातात घ्या,’ एवढं सांगून घ्या. मग ‘मर्ज’ दाबा. दोन रेघा एकत्र येऊन एक बाण होतो, असं चिन्ह बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्यासाठी असतं. तिसऱ्यासाठी पुन्हा ‘अ‍ॅड कॉल’, पुन्हा ‘मर्ज’.

आता मुख्य गोष्ट. बटण तुमच्या फोनवर असलं तरी जोडणी तुमच्या फोनमध्ये होत नाही. तुमचा फोन मोबाइल कंपनीच्या यंत्रणेला फक्त निरोप देतो, की माझ्या या दोन लाइन एकत्र करा. तिथे आवाजांचा एक पूल तयार होतो. सगळ्यांचे आवाज त्या पुलावर येतात, त्यांची बेरीज होते आणि प्रत्येकाला त्याचा स्वतःचा आवाज वगळून उरलेल्यांची बेरीज परत पाठवली जाते. स्वतःचाच आवाज क्षणभर उशिरा कानात आला, तर माणूस बोलताना अडखळतो. म्हणून चौघं बोलत असतील तर यंत्रणा चार वेगवेगळी मिश्रणं बनवत असते. तुमच्या फोनवर मात्र एकच आवाज येतो आणि एकच जातो. त्यामुळे चार माणसं जोडली म्हणून तुमच्या फोनला चौपट रेंज लागत नाही.

ही एक गोष्ट लक्षात राहिली की या सोयीचे बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

पूल कंपनीचा, म्हणून त्याची रुंदी कंपनी ठरवते. जीएसएम मोबाइलच्या प्रमाणित नियमात तुमच्याशिवाय पाच, म्हणजे तुम्ही धरून सहा जण बसतात. काही ठिकाणी मर्यादा याहून कमी असते. पूल तुमच्या नावावर, म्हणून तुम्ही फोन ठेवला की साधारणपणे सगळ्यांचाच तुटतो. इतरांपैकी कोणी बाहेर पडलं तर बाकीच्यांचं बोलणं चालू राहतं. मधेच सगळे कट होतात त्याचं कारण बहुधा इथेच सापडतं : जोडणाऱ्याचीच रेंज गेलेली असते. खराडीच्या उंच इमारतींमध्ये हे सहज होतं. उष्णता अडवायला काचेवर जो धातूचा पातळ थर देतात, तो मोबाइलच्या लहरीही अडवतो. लिफ्ट आणि तळघरातलं पार्किंग तर विचारूच नका. तेव्हा ज्याची रेंज सर्वांत पक्की त्याने फोन जोडावा, मग तो तुमचा दुकानातला मुलगा का असेना. गाडी चालवणाऱ्याने तर जोडूच नये. आधी गाडी बाजूला घ्यावी. ऑफिसात वाय-फाय चांगलं असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये ‘वाय-फाय कॉलिंग’ चालू करून बघा. एअरटेलने २०१९ च्या डिसेंबरात आणि जिओने २०२० च्या जानेवारीत ही सोय सुरू केली. मात्र काही फोनवर वाय-फाय कॉलिंग चालू असताना मर्ज होत नाही, हे आधी तपासून ठेवावं.

दोन सिम असलेल्या फोनवर एका सिमचा कॉल दुसऱ्या सिमच्या कॉलला सहसा जोडता येत नाही. ते दोन वेगळ्या नंबरांवरचे फोन आहेत, दोन्हींना सामावणारा पूलच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचा कॉल साध्या कॉलला जोडता येत नाही, तेही याच कारणाने. पैशांचंही तसंच आहे. तुम्ही लावलेला प्रत्येक कॉल तुमच्या नावावर स्वतंत्र मोजला जातो. अमर्याद कॉलच्या पॅकमध्ये ते जाणवत नाही. पण परदेशातल्या माणसाला तुम्ही फोन लावून जोडलंत, तर तेवढ्या भागाला आयएसडीचा दर लागतो.

बाहेरून आलेला फोनही जोडता येतो. चालू कॉल होल्डवर ठेवून नवा उचलायचा, दोन शब्द बोलायचे आणि मर्ज. त्यासाठी ‘कॉल वेटिंग’ चालू हवं. ते सेटिंगमध्ये असतं. बऱ्याच सिमवर स्टार ४३ हॅश डायल केलं तरी चालू होतं. ‘मर्ज’चं बटण फिकट दिसत असेल तर दुसऱ्या माणसाने फोन उचलला आहे ना आणि दोन्ही कॉल एकाच सिमवर आहेत ना, एवढं आधी पाहा.

जोडल्यावर ‘मॅनेज’मध्ये, किंवा आयफोनवर नावांजवळच्या ‘आय’ चिन्हावर, सगळ्यांची यादी दिसते. प्लायवूडवाल्यांचं काम झालं की तिथून फक्त त्यांचा फोन ठेवता येतो. हे जरूर वापरा. गिऱ्हाइकाशी दराबद्दल बोलायचं असेल आणि पुरवठादार लाइनवर राहिला असेल, तर पुढचं नुकसान कोणत्याही सेटिंगने भरून निघत नाही. एकाला बाजूला घेऊन खासगी बोलण्याचीही सोय असते. पण व्होल्टीवर ती अनेकदा मिळत नाही, म्हणून तिच्यावर विसंबू नका.

व्होल्टी म्हणजे फोरजीच्या जाळ्यावरून जाणारा आवाज. जिओने सप्टेंबर २०१६ मध्ये सेवा सुरू केली ती याच पद्धतीने, बाकीच्या कंपन्या मागून आल्या. धंद्याच्या बोलण्यात याचं महत्त्व फार आहे आणि ते मराठी आकड्यांत दिसतं. जुन्या पद्धतीच्या फोनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. ‘स’ आणि ‘श’ या अक्षरांतला सूं-सूं आवाज बराचसा त्याच्या वर असतो. तो गळला की सात, साठ आणि आठ एकमेकांत मिसळतात. व्होल्टीवर ७००० हर्ट्झपर्यंत आवाज जातो, म्हणून तो उघडा वाटतो. पण एकाचा फोन टूजीवर असेल, तर त्याचा आवाज सगळ्यांना तसाच दबका ऐकू येणार. पूल गळलेलं अक्षर परत आणू शकत नाही.

त्यात आपलं एकोणसाठ आणि एकोणसत्तर. मिस्त्री हिंदी बोलणारे असतील तर त्यांचं उनहत्तर, उन्यासी, नवासी. एकोणनव्वद म्हणजेच नवासी, हे गोंगाटात पटकन लक्षात येत नाही. म्हणून माप आणि दर नेहमी अंक सुटे करून सांगावेत. ‘एकोणसत्तर, सहा-नऊ.’ आणि ऐकणाऱ्याने तो आकडा परत म्हणून दाखवावा. ही सवय मला या सगळ्या प्रकारात सर्वांत मोलाची वाटते. चुकीच्या मापाने कापलेली शीट पुन्हा जोडता येत नाही.

बेरीज सगळ्यांच्या आवाजांची होते, तशी गोंगाटाचीही होते. साइटवर कटर चालू असेल तर तो बाकी सगळ्यांच्या कानात चालतो. बोलत नसताना ‘म्यूट’ दाबून ठेवायला सगळ्यांना सांगा. बटणांच्या फोनवर ते जमत नसेल तर मिस्त्रींना जिन्यात जायला सांगा. एकाच खोलीतले दोन फोन एकाच कॉलवर असतील आणि स्पीकर चालू असेल, तर एकाचा आवाज दुसऱ्यात शिरून कर्कश शिट्टी येते. तिथे एक फोन बंद करून दोघांनी मिळून एकच वापरावा.

बोलणं एकावर एक चढतं, त्याचंही कारण त्या पुलातच आहे. आवाज आधी पुलापर्यंत जातो, मग तिथून दुसऱ्याकडे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. तो त्यापलीकडे गेला, की ‘समोरचा थांबला’ असं वाटून दोघं एकदमच सुरुवात करतात. चेहरा दिसत नसल्याने कोणाचा बोलायचा विचार आहे तेही कळत नाही. उपाय सोपा आहे : आधी नाव, मग प्रश्न. ‘मिस्त्री, १६ मध्ये तीन पट्ट्या निघतील का?’ नाव न घेता विचारलेल्या प्रश्नाला एक तर तिघं उत्तर देतात, नाही तर कोणीच देत नाही. सुरुवातीला लाइनवर कोण कोण आहे हेही मोठ्याने सांगावं. न सांगता कोणाला ऐकवत ठेवणं गैर आहे. रेकॉर्डिंग करायचं असेल तर तेही आधी विचारावं.

सहापेक्षा जास्त माणसं असतील किंवा नकाशा दाखवायचा असेल, तर अ‍ॅपकडे वळा. व्हॉट्सअ‍ॅपवर ३२ जण बसतात. गुगल मीट फुकटात शंभर जणांना घेतं, पण तिघं किंवा जास्त असले की ६० मिनिटांनी थांबतं, झूम ४० मिनिटांनी. तिथे प्रत्येकाला इंटरनेट आणि बहुधा ते अ‍ॅपही लागतं. कपाटाची खोली ठरवायला एवढं कशाला?

आता एक सावधगिरी, आणि ती मी मनापासून सांगतो आहे. याच मर्जच्या बटणावर फसवणूक होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने तसा इशारा दिला होता. अनोळखी माणूस फोन करतो, कामाबद्दल किंवा कार्यक्रमाबद्दल बोलतो, ओळखीच्या कोणाकडून नंबर मिळाला असं सांगतो. मग म्हणतो, तेच आता दुसऱ्या नंबरवरून फोन करताहेत, कॉल मर्ज करा. प्रत्यक्षात तो दुसरा फोन बँकेच्या यंत्राचा असतो आणि ओटीपी बोलून दाखवत असतो. तुम्ही जोडलंत की तो आकडा पलीकडच्या चोराला ऐकू जातो. धंद्यात रोज अनोळखी फोन घ्यावे लागतात, त्यामुळे धोका आपल्याला जास्त. नियम एकच ठेवा : दुसऱ्याने सांगितलं म्हणून मर्ज करायचं नाही. तरीही फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

फोन संपला की ठरलेलं माप, नगांची संख्या, दर आणि तारीख एका मेसेजमध्ये लिहून सगळ्यांना पाठवा आणि प्रत्येकाकडून ‘बरोबर’ असं उत्तर घ्या.

गिऱ्हाइकासमोर पहिल्यांदा करू नका. आज संध्याकाळी घरातल्या दोन फोनांवर करून बघा. एकाला गच्चीत पाठवा, एकाला स्वयंपाकघरात बसवा, आधी होल्ड, मग मर्ज, मग एकाला यादीतून कमी करा आणि शेवटी तुमचा फोन ठेवून त्यांचा तुटतो का ते त्यांना विचारा.