श्रवण आणि तोल : एका इंद्रियाचे दोन व्यापार

आमचे वडपे गाव मुंबई-नाशिक हमरस्त्यावर, भिवंडीच्या अगदी लगत आहे. रात्रंदिवस धावणारी मालवाहू वाहने, आजूबाजूला उभी राहिलेली गोदामे आणि भिवंडीकडे निघालो की कानी पडणारी मागांची खडखड, यांचा आम्हांस इतका सराव झाला आहे की एखाद्या दिवशी गोंगाट कमी असला, तर काही तरी चुकल्यासारखे वाटते. अशा ठिकाणी राहूनही कान या इंद्रियाचा विचार आम्ही कधी केला नव्हता. तो करावयास लागला गेल्या माघ महिन्यात.

पहाटेची वेळ होती. अंथरुणातच आम्ही उजव्या कुशीवर वळलो मात्र, आणि छताचे वासे गरगर फिरू लागले. डोळे मिटले तरी फिरणे थांबेना. अर्ध्या मिनिटात ते शमले. पण उठावयास गेलो की पुन्हा तोच प्रकार. घरात एकच धावपळ उडाली. वहिनींनी "भाऊजी, हे पित्त आहे" असा निकाल देऊन आमसुलाचे सार पुढे केले. पुतण्याने रक्तदाब मोजला, तो जेथल्या तेथे होता. आमची सात वर्षांची नात मात्र दारातून टक लावून पाहत होती. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही फुगडी खेळून आल्यासारखे करता आहात." पुढे कळले की घरातील सर्व मंडळींत तिचेच निदान सत्याच्या सर्वांत जवळ होते.

डॉक्टरांनी आम्हांस खाटेवर बसविले, मान उजवीकडे वळवून झटकन उताणे निजविले आणि आमच्या डोळ्यांकडे पाहत राहिले. चक्कर येऊन ओसरली, तसे त्यांनी मान दुसऱ्या बाजूस वळविली, मग सर्व अंगच त्या कुशीवर केले आणि शेवटी उठवून बसविले. पाच मिनिटांचा खेळ! औषधाचा थेंब नाही. घरी परतलो तो वासे स्थिर होते. "कानातले कण जागेवरून हलले होते, ते परत पाठविले," एवढेच ते म्हणाले. चाळीस वर्षे आम्ही मुलांचे कान धरले. त्या कानात काय आहे, याचा शोध आम्हांस साठी उलटल्यावर लागला.

वहिनींच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या वैद्यकाने 'भ्रम' म्हणजे चक्कर पित्त आणि वात यांच्याच खात्यावर मांडली आहे, तेव्हा त्यांच्या मताला परंपरेचा आधार होता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे अठ्ठावीस रोग गणले आहेत. त्यांत बाधिर्य आहे, कर्णनादही आहे. परंतु चक्कर त्या यादीत नाही. पाश्चात्त्य वैद्यकासही हा संबंध फार उशिरा उमगला. १८२४ च्या सुमारास फ्लूराँस या फ्रेंच शास्त्रज्ञाने कबुतरांच्या कानांतील बारीक वाटोळ्या नलिका छेदून पाहिल्या, तेव्हा पक्षी बहिरे झाले नाहीत, गिरक्या घेऊ लागले. आणि १८६१ मध्ये पॅरिसच्या मेनिएर नामक डॉक्टराने चक्कर हा कानाचा विकार असू शकतो असे मांडले. तोवर तो मेंदूचाच समजला जाई.

आता प्रथम श्रवणाकडे वळू. पाठशाळेत न्यायशास्त्र शिकताना शब्द कानापर्यंत कसा येतो, याविषयी दोन मते आम्ही घोकली होती. एक वीचीतरंगन्याय, म्हणजे पाण्यातील लाटेमागून लाट उठावी तसा. दुसरा कदंबमुकुलन्याय, म्हणजे कदंबाची कळी एकदम सर्व अंगांनी फुलावी तसा. आजचे पदार्थविज्ञान पाहता दोन्ही पक्ष निम्मे निम्मे जिंकले असे म्हणावे लागेल. ध्वनी लाटांनीच चालतो, पण मोकळ्या हवेत तो कदंबाप्रमाणे सर्व दिशांस फुलतो. मात्र तो आकाशाचा गुण नव्हे. निर्वात जागेत घंटा कितीही बडवा, ती मुकीच राहते.

कानाची पाळी आणि त्यामागील वळणदार नळी या लाटा गोळा करून आत पडद्यावर सोडतात. हा पडदा रुंदीला एक सेंटीमीटरही नाही आणि जाडीला सुमारे एक दशांश मिलिमीटर. त्याच्या आतल्या पोकळीत हातोडी, ऐरण आणि रिकीब अशा आकारांची तीन हाडे एकमेकांस जोडलेली आहेत. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरांची, सर्व शरीरातील सर्वांत लहान हाड. एवढा खटाटोप कशासाठी? विहिरीत पोहणाऱ्यांस याचे उत्तर ठाऊक असेल. बुडी मारलेल्यास काठावरून कितीही हाका मारा, त्यास त्या पोहोचत नाहीत, कारण हवेतील ध्वनी पाण्यावर आपटून जवळजवळ सगळा परत फिरतो. हजारातला एखादाच अंश आत शिरतो. आपल्या अंतःकर्णात द्रव भरलेला आहे, म्हणजे तेथे हीच अडचण आहे. ती ही तीन हाडे दूर करतात. मोठ्या पडद्यावर झेललेला दाब त्या पडद्याच्या सुमारे सतराव्या हिश्शाएवढ्या खिडकीवर एकवटला जातो, त्यात हाडांच्या तरफेची थोडी भर पडते, आणि दाब वीसपटीहून अधिक वाढतो. खिळ्याला टोक करून ठोकावे, तसाच हा प्रकार.

या पोकळीतून एक नळी घशात उतरते. कसारा घाट चढताना कानात दडे बसतात आणि आवंढा गिळला की 'टक्' करून मोकळे होतात, ते या नळीमुळे. मुलांत ती आखूड व आडवी असते. म्हणून पडशाचा संसर्ग सहज कानापर्यंत जातो, आत पाणी साचते, कधी पडदा फुटून कान वाहू लागतो. आपल्या घरांतून अशा कानात कढत तेल सोडण्याची चाल आहे, शिवाय केसांच्या आकड्याने किंवा काडीने कान कोरण्याची. या दोन्ही चाली आम्ही आमच्या घरातून बंद केल्या आहेत. वडिलधाऱ्यांस राग आला, तो सोसला.

पडद्याविषयी लिहिताना एक गोष्ट लपवून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी पाचवीच्या वर्गात आमच्याकडे एक मुलगा होता. शेवटच्या बाकावर बसे. त्याचा कान वाही, त्यामुळे शेजारी कोणी बसत नसे. श्रुतलेखन घातले की हा 'साखर'च्या जागी 'भाकर' लिही, 'शेत'च्या जागी 'पेट'. आम्हांस तो उद्दामपणा वाटला. एके दिवशी त्याच्या डाव्या कानाखाली आम्ही जोराने चपराक दिली आणि शिक्षा म्हणून त्यास पहिल्या बाकावर आणून बसविले. तो रडला नाही, नुसता कानावर हात धरून बसला. पुढल्या आठवड्यापासून त्याचे श्रुतलेखन सुधारले. ते चपराकीने सुधारले, अशी आमची खात्री झाली आणि कित्येक वर्षे नव्या शिक्षकांस आम्ही हा दाखला मोठ्या अभिमानाने देत असू. पहिला बाक आमच्या तोंडापासून चार हातांवर होता आणि शेवटचा वीस हातांवर, हे गणित आमच्या ध्यानी आले नाही. हाताच्या तळव्याने कानावर बसलेली चपराक नळीत हवा दाबते आणि त्या दाबाने पडदा फाटू शकतो, हेही आम्हांस ठाऊक नव्हते.

असो. रिकिबीच्या पलीकडे अंतःकर्ण लागतो. त्याचा श्रवणाचा भाग गोगलगाईच्या शंखासारखा, सुमारे अडीच वेढ्यांचा आहे. उलगडला तर साडेतीन सेंटीमीटर भरेल. त्याच्या आत एक लांबट पापुद्रा ताणलेला असून त्यावर बारीक केसाळ पेशींच्या ओळी आहेत, एका कानात अवघ्या पंधरा हजारांच्या आसपास. आपल्या डोळ्यांत प्रकाश टिपणाऱ्या पेशी कोट्यवधी, आणि येथे हा काटकसरीचा संसार! बेकेशी या हंगेरियन शास्त्रज्ञाने, जो मूळचा टपालखात्याच्या दूरध्वनी प्रयोगशाळेतला, मृतांच्या कानांत डोकावून दाखविले की ध्वनीची लाट या पापुद्र्यावरून धावते आणि आपल्या स्वराच्या ठिकाणी सर्वांत उंच उठते. तार स्वर शंखाच्या तोंडाशी, मंद्र स्वर टोकाशी. यासाठी त्यास १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पेटीच्या पट्ट्या ओळीने मांडाव्यात, तशी ही मांडणी आहे. फरक इतकाच की येथील पट्टी मोडली तर नवी मिळत नाही. कोंबडीच्या पिलांत या पेशी पुन्हा उगवतात. मनुष्यप्राण्यास ती सवलत नाही.

गोंगाटाने प्रथम बिघडतात त्या तार स्वरांच्या पट्ट्या, विशेषतः सेकंदास ४००० कंपनांच्या आसपासच्या. याचा परिणाम संस्कृत जाणणारास चटकन समजेल. स्वर आणि घोष व्यंजने ही बहुतांशी खालच्या कंपनांवर उभी आहेत. क, त, श, ष, स यांसारखे अघोष वर्ण वरच्यांवर. म्हणून असा मनुष्य म्हणतो, "ऐकू येते, पण समजत नाही." त्यास वाक्याचा गलबला पोहोचतो, वर्णांच्या कडा पोहोचत नाहीत. आपण ओरडून बोलू लागलो तर स्वरच मोठे होतात आणि तो अधिकच गोंधळतो. घरोघरी वृद्धांवर 'सोयीचे तेवढे ऐकू येते' असा आळ येतो, त्याचे मूळ पुष्कळदा येथे आहे.

भिवंडीच्या मागांविषयी या संदर्भात लिहिणे भाग आहे. धोट्याचे माग ओळीने चालू असलेल्या खोलीत आवाज ९५ ते १०० डेसिबलपर्यंत जातो. ८५ डेसिबलांत आठ तास ही आरोग्यशास्त्रज्ञांची मर्यादा, आणि दर तीन डेसिबलांस ध्वनीची शक्ती दुप्पट होत असल्याने सोसण्याची मुदत निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलांत माणसाने पाव तास राहावे. येथे पाळी बारा तासांचीही असते. गोंगाटाने येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाना कायद्याच्या अनुसूचीत सरकारला कळवावयाच्या रोगांत घातलेला होता, पण घराच्या पडवीत चार-सहा माग टाकून चालणारा धंदा त्या कायद्याच्या कक्षेत सहसा येत नसे. कामगार कानांत कापूस घालतात. त्याने आवाज फारसा अडत नाही. कानात नीट बसणारे बोळे किंवा कानटोप हवेत.

आता तोल. अंतःकर्णातच शंखाला लागून तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत, खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळतात तशा एकमेकींस काटकोनात. त्यांत द्रव आहे. तांब्यात पाणी घेऊन त्यावर तुळशीचे पान सोडा आणि तांब्या गर्रकन वळवा. तांब्या फिरेल, पान आपल्या जागीच राहील. मान वळली की नलिका वळते, द्रव मागे राहतो, आणि त्याच्या रेट्याने आतील केसाळ पेशी वाकून मेंदूस वार्ता देतात. तांब्या काही वेळ फिरवीत राहून मग थांबविला तर पाणी मात्र फिरतच राहते. फुगडीनंतर घर फिरते, ते याचमुळे. या वार्तेवरून डोळेही आपोआप उलट दिशेस सावरले जातात. हा अंक स्थिर धरून मान डावी-उजवीकडे हलवा, अक्षरे वाचता येतील. मग मान स्थिर ठेवून अंक तितक्याच वेगाने हलवा! व्हिएन्नाचे डॉक्टर बारानी रोग्यांचे कान धूत असता पाणी गार किंवा फार ऊन झाले की रोग्यास घेरी येते, असे त्यांना आढळले. उष्णतेच्या फरकाने नलिकेतील द्रव हलतो, हे ओळखून त्यांनी तोलाची परीक्षाच बसविली. त्यांस १९१४ चे नोबेल जाहीर झाल्याची बातमी कळली, तेव्हा ते रशियाच्या कैदेत युद्धबंदी होते.

नलिकांच्या बुडाशी दोन पिशव्या आहेत. त्यांत चुनखडीचे सूक्ष्म कण चिकट थरावर बसलेले असतात. मस्तक कलले की ते ओघळू पाहतात आणि वर-खालीचे ज्ञान होते. उतारवयात यांतील काही कण सुटून नलिकेत शिरतात. मग कूस वळली की कण घरंगळतात, द्रव ढवळतात, आणि स्थिर निजलेल्या मास्तरांस वाटते की वासे फिरत आहेत! आमच्यावर झालेला उपचार एपली या अमेरिकन डॉक्टराचा. कण ज्या वाटेने आले, त्याच वाटेने त्यांस परत लोटावयाचे. तो जाणत्याकडून करून घ्यावा. आणि चकरेबरोबर बोबडी वळणे, एकाचे दोन दिसणे, हात-पाय लुळा पडणे यांपैकी काही असेल, तर ते कानाचे प्रकरण समजू नये, तडक इस्पितळ गाठावे.

हे सर्व वाचून झाले होते, म्हणूनच यंदाच्या गणपतीत एक गोष्ट आमच्या नजरेस आली. तोच पाचवीतला विद्यार्थी दर्शनास आला. आता पंचेचाळिशीचा गृहस्थ, सोळाव्या वर्षापासून मागावर. बोलताना तो उजवा कान पुढे करी आणि नजर आमच्या ओठांवर ठेवी. आरती सुरू होताच तो नुसता हसत उभा राहिला. आम्ही त्यास घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. आलेखात दोन्ही कानांची रेषा ४००० पाशी खोल घसरली होती, ते मागांचे काम; आणि डाव्या पडद्यास जुने भोक होते. ते आमच्या हाताने पडले काय, असे आम्ही डॉक्टरांस विचारले. त्यांनी सांगितले की चपराकीने फाटलेला पडदा बहुधा काही आठवड्यांत सांधतो, वाहत्या कानाचे भोक तसेच राहते. पण इतक्या वर्षांनी कोणीही खात्री देऊ शकणार नाही. आम्ही विद्यार्थ्यापाशी तो दिवस काढला. तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही पुढे बसवलंत म्हणून तर ते वर्ष पास झालो." चपराकीचे त्याने नाव काढले नाही. त्यास आठवत नसेल, असे आम्हांस वाटत नाही.

मुंबईत वांद्र्यास अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून श्रवणदोषांचेच काम करीत आहे. जन्मतः बहिऱ्या मुलांच्या शंखात विजेची तार बसवून थेट मज्जातंतूस चेतविण्याची शस्त्रक्रियाही आता होते. मुंबईचे डॉक्टर मिलिंद कीर्तने यांस, ज्यांनी अशा अनेक शस्त्रक्रिया केल्या, २०१४ साली पद्मश्री मिळाली. आमच्या विद्यार्थ्यास एवढे लागणार नव्हते. उजव्या कानास यंत्र मिळाले आणि मागावर घालावयास कानटोप. यंत्र लावून तो प्रथम आमच्या घरी आला, तेव्हा वहिनींनी हातात पेढ्यांचा पुडा दिला. तो उलगडताना त्याचा हात थांबला. त्याने तो कागद पुन्हा चुरगाळला, पुन्हा ऐकला आणि विचारले, "याचा आवाज होतो?"

डाव्या पडद्याची शस्त्रक्रिया मार्गशीर्षात ठरली आहे. आम्ही बरोबर जाणार आहोत.