ख्रिस्ती चर्च आणि मराठी संस्कृती : स्वीकार आणि चिकित्सा

प्रस्तावना

कोणताही धर्म नव्या प्रदेशात रुजू लागला की त्याला तेथील भाषेत बोलावे लागते. भाषेबरोबर त्या समाजाची प्रतीके, काव्यप्रकार, आचार आणि उच्चनीचतेच्या कल्पनाही येतात. यांपैकी काय स्वीकारावे व काय नाकारावे, हा ख्रिस्ती चर्चपुढील जुना प्रश्न होय. अमेरिकन धर्मचिंतक एच. रिचर्ड नीबूर यांनी 'ख्राइस्ट अँड कल्चर' (१९५१) या ग्रंथात ख्रिस्त आणि संस्कृती यांच्या संबंधांचे पाच प्रकार सांगितले. संस्कृतीला विरोध हे त्यांचे एक टोक, तर संस्कृतीशी एकरूपता हे दुसरे. परंतु या मांडणीत संस्कृती ही जणू एकसंध वस्तू ठरते, असा आक्षेप पुढे घेतला गेला. मराठी प्रदेशातील तीन उदाहरणांवरून या आक्षेपाचे महत्त्व स्पष्ट होते.

फादर स्टीफन्स : रूपाचा स्वीकार

इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मोपदेशक थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. साष्टीतील देवळांचा विध्वंस १५६७ मध्ये झाला होता. नवख्रिस्ती समाजाची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांची जागा रिकामी होती. ही उणीव ओळखून स्टीफन्स यांनी बायबलमधील कथा मराठी ओवीत रचली. दहा हजारांहून अधिक ओव्यांचे हे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. पुराण हा प्रकार, ओवी हा छंद आणि वैकुंठासारखे शब्द त्यांनी निःसंकोचपणे घेतले. मात्र या अनुकूलनास राजसत्तेची मर्यादा होती. १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज स्वीकारण्याचा हुकूम काढला. ज्या समाजाची ती भाषा होती, त्याच्या हाती निर्णय नव्हता.

टिळक : निर्णयाचा अधिकार

अमेरिकन मराठी मिशनचे कार्य मुंबईत १८१३ पासून सुरू झाले. पुढे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) हे त्याचे प्रमुख केंद्र बनले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक याच मिशनमध्ये कार्यरत होते. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन यांना ख्रिस्ती उपासनेत मानाचे स्थान मिळवून दिले. तथापि, केवळ चाल देशी करून त्यांचे समाधान झाले नाही. मंडळीचा कारभार आणि पैसा परकीयांच्या हाती असेल तर धर्मही परकाच राहणार, हे त्यांनी ओळखले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त त्यात सामावणार होते. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्याने हा प्रयोग अपुरा राहिला.

पंडिता रमाबाई : संस्कृतीची चिकित्सा

पंडिता रमाबाईंचा मार्ग याहून निराळा होता. संस्कृत विद्येत मुरलेल्या या विदुषीने केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, संपूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले. प्रचलित भाषांतरांतील संस्कृतप्रचुर शब्द सामान्य स्त्रियांना कळत नाहीत आणि त्या शब्दांबरोबर जुन्या धर्मकल्पनाही येतात, असा त्यांचा आक्षेप होता. ज्या परंपरेने स्त्रीला वेदांपासून दूर ठेवले, तिची परिभाषा त्यांना निरागस वाटणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी साधी, बोलीजवळची मराठी निवडली. दुसऱ्या बाजूने पाहता, रमाबाईंचा हा मार्गही मराठी संस्कृतीचाच होता. फक्त ती संस्कृती पोथीची नव्हती, घरातील आणि शेतातील होती.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, 'चर्चने स्थानिक संस्कृती स्वीकारावी' हे विधान अपुरे आहे. कोणाची संस्कृती, हा प्रश्न त्यासोबत विचारावाच लागतो. अहमदनगर परिसरात मंडळीत आलेल्यांपैकी बहुसंख्य लोक अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील होते. त्यांच्या दृष्टीने भोवतालच्या संस्कृतीत अभंग होता, तसेच गावकुसाबाहेरचे घर आणि निराळा पाणवठाही होता. पहिल्याचे स्वागत करताना दुसऱ्याकडे डोळेझाक झाली, तर जातिभेद मंडळीच्या आतही शिरतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये कॅथलिक उपासनेत लोकभाषांना वाव दिला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. भाषेचे अंतर बरेच मिटले, याची ही साक्ष होय. पण स्टीफन्स यांची रसिकता, टिळकांचा स्वावलंबनाचा आग्रह आणि रमाबाईंची चिकित्सा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तरच चर्च आणि संस्कृती यांचे नाते खऱ्या अर्थाने परस्परांना समृद्ध करणारे ठरेल.