तीनशे छप्पन्न मैल

हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात एक पिवळी मोटार उभी आहे. १९१२ ची रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्ट. बॉडी बांधली लंडनच्या बार्कर कंपनीनं. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी ती मागवली, पण ती दारात येण्याआधीच, १९११ मध्ये, ते गेले. मागची बैठक सिंहासनासारखी उंच, कारण बसणारा रस्त्यावरच्या गर्दीला दिसायला हवा. आणि इतक्या वर्षांत ती धावली किती? नोंद सांगते, ३५६ मैल. हैदराबादहून निघून पुणं गाठावं, एवढंच!

हा आकडा वाचला की मला तिची थोरली बहीण आठवते. १९०८ मध्ये मुंबईत ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची सिल्व्हर घोस्ट मुंबई-कोल्हापूर चाचणीत उतरली. अंतर ६२० मैल, वाटेत सहा घाट, तेही त्या काळच्या रस्त्यांवर. ती कुठेही बंद पडली नाही. पुढे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेतली. म्हणजे एका चाचणीत थोरली जेवढी पळाली, तेवढी धाकटी आयुष्यभरात धावलेली नाही.

मग निजामांच्या गाडीला आता तरी रस्त्यावर काढावं का?

वाटतं की उभी गाडी जशीच्या तशी टिकते. पण आतमध्ये बरंच काही चालू असतं. पेट्रोल उडून जातं आणि कार्बोरेटरच्या सुईएवढ्या भोकांत त्याचा चिकट राप बसतो. सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल हळूहळू खाली ओघळतं, उघड्या लोखंडाला दमट हवा लागते, आणि पिस्टनच्या रिंगा जागच्या जागी गंजून धरतात. टायर जिथे टेकलाय तिथे चपटा होतो. गॅरेजवाले ‘गाडी चालती ठेवा’ म्हणतात ते यासाठीच.

पण चालवली की झिजते, आणि झिजलेला भाग बदलावा लागतो. आज बेअरिंग, उद्या गिअर, परवा कातडं. एक दिवस असा येतो की १९१२ च्या कारागिराचा हात लागलेलं फारसं काही उरत नाही. गंज उतरवता येतो. तो हात परत आणता येत नाही.

हाच पेच सगळ्यात तीव्र होतो तो जुन्या ड्रॅग रेसिंगच्या गाड्यांपाशी. ४०२ मीटरच्या सरळ धावपट्टीवर काही सेकंदांत संपणारी शर्यत, आणि त्या सेकंदांत इंजिन अक्षरशः फुटण्याच्या काठावर असतं. डॉन गार्लिट्स या नामवंत अमेरिकन रेसरनं आपली ‘स्वॅम्प रॅट ३०’ ही ड्रॅगस्टर गाडी १९८७ मध्ये स्मिथसोनियन संग्रहालयाला देऊन टाकली. ती सुखरूप झाली आणि गप्पही झाली. पण कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डजवळच्या फमोसोच्या धावपट्टीवर एक विलक्षण सोहळा होतो, ‘कॅकलफेस्ट’. जुन्या ड्रॅगस्टरमध्ये नायट्रोमिथेन हे इंधन भरतात, नुसती इंजिनं पेटवतात आणि त्या रांगेत उभ्या करतात. शर्यत नाही. धुराड्यांतून ज्वाळा निघतात, जमिनीची थरथर छातीपर्यंत पोचते, आणि गाडी तसूभरही पुढे जात नाही.

मला हा मार्ग मनापासून पटतो. आवाज हाही वारसाच आहे, आणि तो फोटोत मावत नाही.

पिवळ्या घोस्टला शर्यतीत किंवा मिरवणुकीत ओढू नये. पण जाणत्या हातांनी सिलिंडरांत तेल सोडावं, हँडलनं इंजिन हलकेच फिरवून ते मोकळं आहे ना ते पाहावं, हातपंपानं पेट्रोलच्या टाकीत हवेचा दाब भरावा. मग सहा सिलिंडरांचं, जवळजवळ साडेसात लिटरचं ते इंजिन राजवाड्याच्या अंगणात चालू करावं. ‘घोस्ट’ हे नावच मुळी त्याच्या शांतपणामुळे पडलं. तेव्हा बघायला जमलेल्यांना आवाज ऐकायचा तर बोलणं थांबवावं लागेल, आणि दोन पावलं पुढे सरकावं लागेल.