दाताचा दवाखाना : काय पाहावे, काय विचारावे

आमच्या वार्षिकांकात दरवर्षी प्रेम, पाऊस आणि बेकारी या तीन विषयांवर भरपूर लेखन येते. दातांवर कोणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही. वास्तविक दात सर्वांनाच असतात, आणि त्यांतला एक जरी ठणकू लागला तरी वरील तिन्ही विषयांचा विसर पडतो.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. दहावीनंतर शास्त्राशी संबंध सुटला. परंतु आमच्या घरात महाविद्यालयात पोहोचलेली मीच पहिली, म्हणून कोणाचेही दुखणे निघाले की कागद वाचायला मला बरोबर नेतात. गेल्या हिवाळ्यात आजीची दाढ काढण्यासाठी तालुक्याच्या गावी अशा चार खेपा झाल्या. आजीला मधुमेह; साखर आटोक्यात येईपर्यंत डॉक्टरीणबाईंनी दाढेला हात लावला नाही. त्या खेपांत बाकावर बसून मी पुष्कळ पाहिले आणि विचारले. बाईंनी न कंटाळता उत्तरे दिली. पुढे ग्रंथालयातून जेवढे पडताळता आले तेवढे पडताळले. त्यातून हा लेख तयार झाला.

दाताचा डॉक्टर जिथे काम करतो तिथे लाळ असते आणि बहुधा रक्तही असते. एकाच्या रक्तातले जंतू हत्यारावरून दुसऱ्याच्या हिरडीत गेले, की त्याने दात दाखवायला येऊन दुसराच रोग घरी नेला असे होते. यात काविळीचा ‘ब’ प्रकार फार चिवट. त्याचा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागात निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणूनच दंतवैद्यांनी आणि त्यांच्या मदतनिसांनी त्याची लस घ्यायची असते.

आता हत्यारांकडे वळू. आपल्याकडे ‘उकळून घेतले’ म्हटले की सर्वांचे समाधान होते. पण पाणी कितीही उकळले तरी त्याचे तापमान १०० अंशांच्या पुढे जात नाही. त्यात बहुतेक जंतू मरतात हे खरे. परंतु काही जंतू कठीण कवच धारण करून बीजाणूंच्या रूपात राहतात, आणि ते उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. धनुर्वाताचा जंतू याच जातीचा. यावर उपाय म्हणजे वाफ कोंडणे. कोंडलेल्या वाफेचा दाब दर चौरस इंचाला १५ पौंडांनी वाढवला की तापमान १२१ अंशांवर जाते, आणि तेथे निदान १५ ते २० मिनिटे ठेवले की बीजाणूही उरत नाहीत. नव्या यंत्रांत १३४ अंशांवर हेच काम तीन-चार मिनिटांत होते. या यंत्राला ऑटोक्लेव्ह म्हणतात. पाश्चर यांचे सहकारी चार्ल्स चेंबरलँड यांनी ते १८७९ साली तयार केले. स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर हा त्याचाच भाऊबंद. बाईंनी आजीला असेच समजावले, तेव्हा आजीने सरळ विचारले, “मग शिट्ट्या किती काढता, बाई?” बाई हसल्या, पण प्रश्न बरोबर होता! किती दाब आणि किती वेळ, एवढेच तर विचारायचे असते.

कुकरात टाकण्यापूर्वी भांडे घासावे लागते, तसेच हत्यारही. वाळलेल्या रक्ताच्या पापुद्र्याखाली वाफ पोहोचत नाही. घासून, पुसून, एका बाजूने कागद व दुसऱ्या बाजूने पारदर्शक प्लॅस्टिक असलेल्या पाकिटात ते बंद करतात आणि मग यंत्रात ठेवतात. पाकिटावर एक खूण असते. उष्णता लागली की तिचा रंग पालटतो. हे पाकीट रुग्णासमोर फोडले पाहिजे. मात्र रंग पालटला म्हणजे जंतू मेलेच असे नव्हे, हेही बाईंनी सांगितले. त्याची खात्री करण्यासाठी मुद्दाम चिवट बीजाणू भरलेली कुपी यंत्रात घालून ते मरतात की नाही हे अधूनमधून तपासावे लागते.

काही ठिकाणी हत्यारे ट्रेमधल्या द्रावणात बुडवून ठेवलेली दिसतात. ग्लुटाराल्डिहाइडच्या दोन टक्के द्रावणात बीजाणू मरायला सुमारे १० तास लागतात. एक रुग्ण उठून दुसरा बसेपर्यंत, पाच-दहा मिनिटांत, ते कसे व्हावे? भुर्रर्र आवाज करणाऱ्या यंत्राच्या मुठीचेही तेच. नुसती स्पिरिटने पुसून ती पुढच्याच्या तोंडात घालू नये, कारण रक्त-लाळ तिच्या आतही ओढली जाते. तीही वाफेतूनच निघाली पाहिजे. तिच्यातून जे पाणी येते त्याच्या नळीत रात्रभर शेवाळासारखा बुळबुळीत थर धरतो. म्हणून दोन रुग्णांच्या मध्ये निदान २०-३० सेकंद पाणी सोडून द्यायचे असते.

हे सारे फाजील वाटण्याचा संभव आहे. मलाही हत्याराचे समजले, पाण्याचे तितकेसे पटले नव्हते. पण तामिळनाडूतील तिरुपत्तूर जिल्ह्यात वाणियंबाडी येथे काय घडले ते वाचल्यावर माझे मत बदलले. २०२३ सालच्या सुमारास त्या भागातून मेंदूच्या गंभीर आजाराचे रुग्ण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात येऊ लागले. आजार मेलिऑइडोसिस, त्याचा जंतू माती-पाण्यात असतो. शोध घेता त्यांतील दहा जण एकाच दंत दवाखान्यात उपचार घेतलेले निघाले. त्या दहांपैकी आठ दगावले. २०२५ साली या तपासाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात दिलेले कारण वाचून मी पान बाजूला ठेवले. जखम धुण्याच्या सलाइनची बाटली हिरडी सोडवण्याच्या हत्यारानेच उघडायची, कापसाचा बोळा लावून ठेवायची आणि उरलेले सलाइन पुढच्या रुग्णांना वापरायचे, अशी तेथे रीत होती. महागड्या यंत्राचा यात काहीच संबंध नव्हता. नवी बाटली उघडण्याचाच काय तो प्रश्न होता.

बाजारात पथारी मांडून बसणाऱ्या दात बसवणाऱ्यांविषयी लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. माझ्या चुलत्यांनी अशाच एकाकडून पुढचा दात बसवून घेतला होता. हा मनुष्य जागच्या जागी घट्ट होणारे प्लॅस्टिक कालवून खोटा दात शेजारच्या खऱ्या दातांना कायमचा चिकटवून टाकतो. तो काढून धुता येत नाही. खाली अन्न कुजते, हिरडी सुजते, आणि चांगले दातही हलू लागतात. चुलत्यांचे दोन गेले. हत्यारे कुठे धुतली हे विचारण्याची तर सोयच नाही. तरीही त्याच्यापुढे रांग असते. पैसे कमी पडतात हे एक कारण. दुसरे मला अधिक महत्त्वाचे वाटते. तो आपल्या बोलीत बोलतो, गाव विचारतो, पोरेबाळे विचारतो. काचेच्या दाराआडच्या डॉक्टरपुढे आमची माणसे चपला बाहेर काढून उभी राहतात.

मी पहिल्या खेपेला हत्यारांविषयी विचारले तेव्हा वडिलांनी माझा हात दाबला होता. बाहेर आल्यावर म्हणाले, “डाक्टरला असं इचारू नगं, बाय. राग आला तर म्हातारीची दाढ आणखी दुखवंल की!” माझा अनुभव असा, की ज्यांच्याकडे यंत्र नीट चालू असते त्यांना ते दाखवायला आवडते. बाईंनी तर आजीच्या दाढेच्या दिवशी पाकिटावरची तारीख आम्हांला वाचून दाखवली.

आणखी दोन-तीन गोष्टी बाकावर बसूनही दिसतात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे रक्ताचे बोळे व काढलेले दात पिवळ्या पिशवीत, हातमोजे व नळ्या लाल पिशवीत, काच निळ्या डब्यात आणि सुया न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात जायला हव्यात. सगळे एकाच बादलीत दिसले तर आतल्या कारभाराचा अंदाज यावा. क्ष-किरणाचे यंत्र ठेवायला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. दंतवैद्यकाला १९४८ पासून स्वतंत्र कायदा आहे, आणि त्याच्या जागी आणण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला. बी.डी.एस. होऊन राज्याच्या नोंदवहीत नाव लागल्याखेरीज कोणालाही हा व्यवसाय करता येत नाही. नोंदणीचे प्रमाणपत्र बहुधा भिंतीवर टांगलेले असते, तेही इंग्रजीत. माझ्या वडिलांना इंग्रजी अक्षर लागत नाही, पण आकडे लागतात. आणि नोंदणी क्रमांक उतरवून घ्यायला आकडेच लागतात.